हवेची पट्टी कुणी फिरवली

बाबालालभाई, बर्नरच्या हवेची पट्टी मी फिरवली होती.

तुम्ही तेव्हा सगळ्यांसमोर विचारलंत, "मालक, पट्टीला कुणी हात लावला?" आणि मी म्हणालो, "कोण लावणार?" ते खोटं होतं. अकरा वर्षं मी ते खोटं जपलं. तुम्हाला जाऊन आज सहा दिवस झाले आणि मी हे लिहायला बसलो आहे. बसलो आहे असं आपलं म्हणायचं. दोन ओळी झाल्या की उठतो, गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीचं झाकण बघतो, खाली येतो, पुन्हा वही उघडतो. सुनंदा म्हणाली, "झाकण कुठं पळून जात नाही. एका जागी बसा जरा." पण बसवत नाही.

तुमचं वय किती होतं, काम कुठं शिकलात, हे मला नीट ठाऊकही नाही. कधी विचारलंच नाही. मला तुमचे हात आठवतात. उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं पडलेलं. बर्नर उघडायच्या आधी तुम्ही दोन्ही हात पँटला पुसायचात, जेवायला बसताना पुसावेत तसे.

सगळं सुरू झालं शेगडीवरून. खाली सुनंदाचं प्रसूतिगृह आणि वर आमचं घर. पावसाळा लागला की प्रत्येक बाळंतिणीबरोबर तिची आई नाहीतर सासू शेगडी घेऊन यायची. खाटेखाली निखारे, त्यावर ओवा, खिडक्या बंद. सुनंदाचा त्याला जोरदार विरोध होता. बंद खोलीत कोळशानं एक बाळंतीण चक्कर येऊन पडली तेव्हा तिनं शेगडीवर बंदी घातली. मग बायका भांडायला लागल्या. "शेक न्हाई तर दवाखाना कसला?" एक जण तर तिसऱ्या दिवशी सुनेला रिक्षात घालून घरी घेऊन गेली. वर दुपट्यांचा प्रश्न होताच. चार बाळंतिणींची दुपटी पावसात चार-चार दिवस वाळत नाहीत, आणि ओलं दुपटं पोराच्या अंगाला लावायचं नाही.

गरम पाण्याचे नळ भिंतीतून फिरवून खोलीच उबदार करायची, ही कल्पना सुनंदाची. करून घ्यायचं काम तिनं माझ्यावर सोपवलं. उद्यमनगरात चार ठिकाणी विचारलं, तर चारही जणांनी एकच नाव सांगितलं. "बर्नर म्हटल्यावर बाबालाल मिस्त्री. बेकरीवाल्यास्नी विचारा." दुसऱ्या दिवशी तुम्ही लुनावरून आलात. मागं मोटारसायकलवर रफिक, तुमचा मुलगा, पंचवीस-सव्वीसचा, तुमच्याच हाताखाली तयार झालेला. माझं सगळं बोलणं तुम्ही मान तिरकी करून ऐकून घेतलंत आणि म्हणालात,

"म्हंजे घराला ताप आणायचाय."

"हो, पण बेतानं," मी म्हणालो.

"बेतानं आणू की. डॉक्टरीणबाई हाईतच उतरवायला."

बंद पडलेल्या एका बेकरीतला डिझेलचा बर्नर तुम्ही आणलात. बॉयलर स्वतः जोडलात, मागच्या पत्र्याच्या खोलीत. त्या खोलीला लागून दुपटी वाळवायची खोली, आणि पलीकडं बाळंतिणींची. पंधरा दिवस तुम्ही दोघं येत होतात. चहा घेऊन मीच यायचो, आणि चहा संपला तरी तिथंच थांबायचो. खरं सांगायचं तर वर जाऊन करायला मला काही नव्हतं. सिमेंटच्या पत्र्यांची एजन्सी बुडाली होती, त्याआधीचं कापडाचं दुकान बुडालं होतं. दवाखान्यात लोक मला 'डॉक्टरीणबाईंचे मालक' म्हणायचे. आपल्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात, पण माझ्या मालकीचं तिथं काय होतं?

हे मी तुम्हाला बोलून दाखवलं. कुणालाच कधी बोललो नव्हतो. एका दुपारी रफिक पाइप आणायला गेला होता, तुम्ही पत्र्याला टेकून बसला होतात, आणि मी एकदम म्हणालो, "बाबालालभाई, या घरात मला कुणी काही विचारत नाही. हा बॉयलर पहिली गोष्ट, जी तिनं माझ्यावर सोपवली." तुम्ही कपातला तळाचा चहा गोल फिरवून प्यालात आणि म्हणालात, "मग बॉयलर चांगलाच व्हाय पायजे." मला खूप बरं वाटलं होतं. त्या वाक्यानं तुम्ही स्वतःला कशात बांधून घेतलंत, ते मला कळलं नाही.

हवा लावायचा, म्हणजे पट्टी फिरवून ज्योतीला हवी तेवढीच हवा सोडायचा, दिवस मला अजून क्रमानं आठवतो. तुम्ही बर्नर चालू केलात आणि तासभर नुसते बसून राहिलात. मी म्हणालो, "लावा की हवा." तर म्हणे, "थंड बॉयलरवर ज्योत खोटं बोलती. तापू द्या त्याला, मग विचारू." मग धुराड्याला बारीक भोक पाडलंत, सायकलच्या पंपासारखी नळी त्यात घातलीत, नळीत पांढऱ्या कागदाची चकती, आणि दहा वेळा दट्ट्या ओढलात. चकती बाहेर आली ती काजळासारखी काळी. पट्टी थोडी उघडली. पुन्हा दहा वेळा. राखेसारखी. पुन्हा थोडी. मग एक कोरी पांढरी आली आणि मी टाळी द्यायला हात पुढं केला.

"हे बी न्हाय चालत," तुम्ही म्हणालात. "कागद कोरा म्हंजे हवा जादा. गरमी समदी चिमणीतनं पंचगंगेवर जाती."

"मग कसा पाहिजे?"

"पोरगी दाखवताना सांगत्यात न्हाय, गव्हाळ हाय म्हणून? तसा."

रफिक म्हणाला, "अब्बा, भनीच्या टायमाला तुमीच सांगितलं, गोरी हाय म्हणून." तुम्ही त्याला कोपरानं ढोसलंत आणि पट्टी केसभर मागं घेतलीत. त्या वेळचा डाग पाहून मान हलवलीत. पट्टीचा बोल्ट आवळलात, रफिकला त्यावर पुन्हा पाना लावून बघायला लावलंत, आणि मग खिशातून नेलपॉलिशची लाल बाटली काढलीत. मी विचारलं, "भाभींची?" तर म्हणालात, "पोरीची. भाभीला आता कशाला पायजे, माझ्यावरच लाल हुती." पट्टी आणि तिच्या खालचा पंख्याचा डबा या दोन्हींवरून तुम्ही एक आडवी रेघ ओढलीत. अर्धी रेघ पट्टीवर, अर्धी डब्यावर. "ह्या दोघी समोरासमोर हाईत तवर मी निवांत झोपतो. सरकल्या की मला बोलवायचं. आपला हात लावायचा न्हाय."

तिथं आपला वाद झाला, आठवतं? मी म्हणालो, कागदाचं एवढं कशाला, ज्योत डोळ्यांना दिसतेच की. तुम्ही मला काचेतून बघायला लावलंत. ज्योत आखूड होती, लिंबाच्या सालीच्या रंगाची, थोडी चिडल्यासारखी. "डोळ्याला समईची सवय हाय," तुम्ही म्हणालात. "केशरी, मऊ दिसली की डोळा म्हणतो, बरं चाललंय. बर्नरची ज्योत समईवानी दिसली तर समजायचं, काजळी धराय लागली." मी म्हणालो, इतकी वर्षं माणसं डोळ्यांनीच चुली पेटवत आली. तुम्ही म्हणालात, "व्हय, आणि डोळं पुसत बी आली." तो वाद तिथंच राहिला. तुमचं बरोबर होतं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. कसं सांगणार? सांगायला गेलो असतो तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

दीड महिना सगळं छान चाललं. दुपटी दोन तासांत कडकडीत वाळायची. बायकांनी शेगड्या आणणं आपोआप सोडलं. सुनंदा येणाऱ्या-जाणाऱ्याला ती खोली दाखवायची, आणि दाखवताना म्हणायची, "हे यांनी करून घेतलं."

मग शिरोळहून एक आजी आली, नातीच्या बाळंतपणाला. उंच, काळी, मोठ्या आवाजाची. पहिल्याच दुपारी तिनं मला व्हरांड्यात गाठलं.

"पावणं, हितं गुऱ्हाळ लावलंय व्हय?"

मी म्हणालो, "आजी, तो बॉयलर आहे. त्यानंच खोली गरम होते."

"गरम हुईना का. पर आवाज केवढा. पोर दचकतंय. झोपलं की घुर्रर्र, झोपलं की घुर्रर्र. आमच्या शेतातलं इंजन बरं, त्ये लांब तरी असतंय. जरा गप करा की त्याला. तुमी मालक न्हवं?"

तुम्हाला बोलवायला हवं होतं. तुमचं दुकान दहा मिनिटांच्या अंतरावर. पण तिनं मला मालक म्हटलं आणि मी पाना घेऊन आत गेलो. बोल्ट सैल केला, पट्टी मिटत नेली. पंख्याची घरघर खरोखर कमी झाली. काचेतून पाहिलं, तर ज्योत लांब, केशरी, डुलणारी. समईसारखी. तुमचं वाक्य मला आठवलं, बाबालालभाई. आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. आठवलं, आणि मी स्वतःला म्हणालो, एवढ्याशानं काय होतंय. लाल रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून बोटभर सरकले होते. मी बोल्ट आवळला आणि बाहेर आलो.

आजी खूश. संध्याकाळी सुनंदा तपासायला आली तेव्हा तिला म्हणाली, "बाई, तुमचं मालक लई हुशार. इंजनाला गप केलं." सुनंदा माझ्याकडं बघून हसली. मला ते हसू पुष्कळ दिवस पुरलं.

आजी गेल्यावर पट्टी जागेवर आणायची, असं मी ठरवलं होतं. एकदा गेलोही, पण बोल्ट तापलेला होता, हात भाजला. गार झाल्यावर करू म्हटलं आणि राहून गेलं. पुढच्या बाळंतिणीनं आवाजाची तक्रार केली नाही. राहून गेलं, एवढंच खरं आहे.

तीन आठवड्यांनी सकाळी दवाखान्यात धप्प असा आवाज झाला. काजळीनं आतल्या नळ्या आणि धुराडं भरत आलं होतं. बर्नरनं पेट उशिरा घेतला आणि सगळा धूर मागं उलटला. पत्र्याच्या खोलीतून दुपट्यांच्या खोलीत, तिथून बाळंतिणींकडं. चार बाळंतिणी, चार पोरं. सुनंदानं आणि आयांनी पोरं उचलून भर पावसात व्हरांड्याच्या टोकाला नेली. नातेवाईक छत्र्या धरून उभे. एका तान्ह्या मुलीला श्वास घ्यायला त्रास होत होता, म्हणून तिला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. दोन दिवसांनी ती सुखरूप परत आली, पण ते दोन दिवस आमच्या घरात कुणी जेवलं नाही. दोरीवरची दुपटी काळी झाली होती, चुलीत धरावीत तशी.

तुम्ही अर्ध्या तासात आलात. रफिकही. मी, सुनंदा आणि दोन नातेवाईक तुमच्या मागं उभे. तुम्ही बर्नरसमोर उकिडवे बसलात आणि तुमची नजर आधी पट्टीवर गेली. मी तुमच्या पाठीकडं बघत होतो. पाठ एकदम स्थिर झाली. मग न वळता तुम्ही विचारलंत, "मालक, पट्टीला कुणी हात लावला?"

त्या क्षणी सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, नुसतंच पाहिलं. आणि मी म्हणालो, "कोण लावणार? तुम्ही लावलीत तशीच आहे."

मग तुम्ही वळलात. माझ्या तोंडाकडं बघितलंत, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मला वाटलं, आता तुम्ही बाजूला व्हाल आणि सगळ्यांना ती तुटलेली रेघ दाखवाल. तुम्ही पेचकस उचललात. पुन्हा पट्टीकडं वळलात आणि ते लाल नेलपॉलिश खरवडून काढलंत. आधी वरचं, मग खालचं. तुमच्या अंगाआड होतं, फक्त मला दिसलं. मग उभे राहिलात आणि म्हणालात, "माझ्याच हातनं बोल्ट ढिला ऱ्हायला असंल. हादऱ्यानं सरकला."

रफिक म्हणाला, "अब्बा, तुमी आवळलेला की. मी पाना लावून बघितलेला." तुम्ही म्हणालात, "दुसरा कुठला तरी बघितला असशील."

सुनंदा म्हणाली, "मिस्त्री, आत चार पोरं होती."

"व्हय बाई. चुकलं."

मी तिथं उभा होतो. दोन हातांवर. नुसतं तोंड उघडायचं होतं.

नंतर पुण्याहून दुसरा माणूस आला. त्याच्याकडं आकडे दाखवणारं यंत्र होतं. त्यानं नळ्या साफ केल्या, हवा लावली, यंत्र बघत पट्टी हळूहळू फिरवली आणि एका ठिकाणी थांबवली. ती जागा मला पाठ होती. तुमची रेघ तिथंच होती. त्यानं विचारलं, "आधी कुणी लावली होती?" मी म्हणालो, "होता एक जण."

गावात एवढी गोष्ट फिरायला किती वेळ लागतो? मी काही पसरवलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. पण कुणी विचारलं की मान हलवायचो. त्या मान हलवण्यानंच बेकरीवाले दुसरीकडं गेले असतील. आणि रफिक. त्या दिवसापासून तो तुमच्या मागोमाग प्रत्येक बोल्ट तपासायला लागला. मग एक दिवस म्हणाला, अब्बा, तुम्ही दुकानात बसा, बर्नरचं मी बघतो. हे मला दुकानाशेजारच्या लेथवाल्यानं सांगितलं. तुम्ही पाना त्याच्या हातात दिलात, असंही सांगितलं. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा त्या रस्त्यानं गेलो तेव्हा तुम्ही पंप खोलून बसलेले. जुने, गळके, शेतातले पंप. ज्योतीचं काम तुमच्याकडं पुन्हा आलं नाही.

आणि तुम्ही मला हाक मारायचात. तीच गोष्ट मला सहन व्हायची नाही. "मालक, कसा हाय आपला बॉयलर?" आपला म्हणायचात. ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन रफिक यायचा, दिवाळीला मी फराळ घेऊन यायचो, आणि भाभी म्हणायच्या, "तुमच्याकडच्या चकल्या लई खुसखुशीत." मी तुमच्या ओसरीवर बसून चहा प्यालेला आहे. दोन हजार सालानंतर आम्ही बॉयलर काढून गच्चीवर सौरऊर्जेची टाकी बसवली, तेव्हा तुम्ही मुद्दाम बघायला आलात. वर मान करून म्हणालात, "बरं झालं. आता ह्याची हवा कोण लावतंय बघू." हसलात. मी हसलो. सुनंदा तुम्हाला नमस्कार करून आत निघून गेली. तिच्या मनात तुम्ही अजून तेच होतात, बोल्ट विसरलेले मिस्त्री. मी ते बघितलं आणि चहा मागवला.

एकदा कळंब्याच्या तलावावर मी सुरुवात केली होती. तुम्ही नातवाला घेऊन आला होतात, मी फिरायला. कट्ट्यावर बसलो. मी म्हणालो, "बाबालालभाई, त्या दिवशी दवाखान्यात..." तुम्ही शेंगांचा पुडा माझ्यापुढं धरलात. "खावा. गरम हाईत." मी खाल्ल्या. तुम्ही मला वाचवलंत की टाळलंत? की तुम्हाला ते माझ्या तोंडून ऐकायचंच नव्हतं, कारण ऐकल्यावर माफ करावं लागलं असतं? हे सहा दिवस मी तेच उलटंपालटं करतोय. कधी वाटतं, तुमची ती माया होती. कधी वाटतं, ती शिक्षा होती, आणि मला ती तशीच भोगू देत होतात. मला तुमचा रागही येतो. येतो, खरंच. एक शब्द बोलला असतात तर माझी एका दिवसाची नाचक्की झाली असती आणि संपलं असतं. पण हे म्हणताना मला समजतं की मी पुन्हा माझंच काम तुमच्यावर ढकलतोय.

गेल्या आठवड्यात तुम्हाला ठेवलं होतं त्या दवाखान्यात भेटायला आलो, तेव्हा तुम्हाला बोलताना धाप लागत होती. रफिक उशाशी. तुम्ही माझा हात धरलात आणि थांबत थांबत म्हणालात, "मालक, रफिक म्हणतो, अब्बा तवापासनं इसराय लागलं. लागलो असंन." आणि माझ्याकडं पाहिलंत. तसंच, अकरा वर्षांपूर्वीसारखं. दार उघडून दिलं होतंत तुम्ही, फक्त आत पाऊल टाकायचं होतं. मी म्हणालो, "आराम करा, बोलू नका." पट्टी फिरवली ती माझी चूक असेल. हे मात्र मी कळून सवरून केलं.

तिसऱ्या दिवशी जियारतीला मी गेलो. माणसं पांगल्यावर रफिक मला ओसरीवर घेऊन बसला. तो आता पस्तिशी ओलांडलेला, कानशिलं पिकायला लागलेली. म्हणाला, "साहेब, एक इचारू? अब्बांस्नी मी बर्नरपासनं उठवलं. जवळजवळ पाना काढून घेतला हातातनं. त्यास्नी लई लागलं आसणार, बोलले न्हाईत. पर पुन्यांदा कुठं तसं झालं असतं तर? कुणाचं पोर गेलं असतं तर? तुमी डोळ्यानं बघितलंय त्ये. बरं केलं न्हवं मी?"

'बरं केलंस' एवढंच म्हणायचं होतं. ते ऐकायलाच तो माझ्याजवळ आला होता. खरं सांगितलं तर माझ्या डोक्यावरचं उतरून त्याच्या डोक्यावर जाणार होतं: आपण बापाला विनाकारण उठवलं. चांगल्या माणसानं अशा वेळी गप्प राहावं की बोलावं? मी उत्तर न देता उठलो. घरी चालत आलो, रिक्षा सोडून दिली.

आल्या आल्या सुनंदाला सांगितलं. आजी, पाना, समई, सगळं. ती पेशंटचे कागद चाळत होती. तिनं ते बाजूला ठेवले. मग म्हणाली, "मी त्यांना म्हणाले, आत चार पोरं होती. ते माझ्याकडं बघून चुकलं म्हणाले." मी म्हणालो, "रफिकला सांगितलं तर तो मोडून पडेल." त्यावर ती म्हणाली, "तो मोडेल की नाही हे तुम्ही नका ठरवू. अकरा वर्षं तुम्हीच ठरवत आलाय. चला, मी येते बरोबर. पण बोलायचं तुम्ही."

काल गेलो. रफिक घरी होता. भाभी आतल्या दाराशी पदर सावरून बसल्या होत्या. सुनंदा त्यांच्याशेजारी खाली जमिनीवर बसली.

माझं बोलून झाल्यावर काय झालं ते आधी सांगतो. रफिक उठला आणि अंगणात गेला. तिथं तुमची लुना भिंतीला लावलेली आहे, तिच्या सीटवर हात ठेवून आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. मला त्यानं काही म्हटलं नाही, अजूनही म्हटलेलं नाही. म्हणेल तेव्हा म्हणेल, आणि जे म्हणेल ते मी ऐकेन. भाभी सुनंदाला म्हणाल्या, "मला एवढंच सांगितलं हुतं त्यांनी, की बोल्ट म्या आवळलेला." एवढंच. तुमच्या घरात हे एका माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माझ्याशी चकल्यांबद्दल बोलत राहिल्या.

आणि मी जे म्हणालो ते शब्द तुमच्यापाशी पोचले पाहिजेत, म्हणून जसेच्या तसे लिहितो. सभ्य माणसासारखी वाक्यं जुळवून गेलो होतो, त्यातलं एकही आलं नाही. मी म्हणालो:

"रफिक, तुझे वडील काही विसरले नव्हते. बोल्ट त्यांनी आवळला होता, तू तपासला होतास, दोघांचंही बरोबर होतं. हवा मी कमी केली. त्यांनी विचारलं तेव्हा तुझ्यासमोर खोटं बोललो, आणि त्यांनी ते माझ्यासाठी अंगावर घेतलं. तू त्यांना उठवलंस ते माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून, त्यात तुझा दोष नाही. परवा तू विचारलंस तेव्हाही मी गप्प राहिलो. हे त्यांना जिवंतपणी सांगायला हवं होतं, ते मी केलं नाही. भाभी, रफिक, मी तुमच्या माणसाचं काम घेतलं आणि त्यांचं नाव घालवलं. उद्यापासून ज्या ज्या दुकानात मी नुसती मान हलवली, तिथं तिथं जाऊन हेच सांगणार आहे. तुम्ही माफ करा, असं मागायलाही मला तोंड नाही. पण माफी मागतो."